चादरीवाचून घडी

३ मार्च, सोमवार

प्रिय बारक्या,

आज साडेपाचला उठलो. पाणी भरलं. नऊ वाजता दवाखान्यात जाऊन चाकाची खुर्ची परत केली. येताना औषधाच्या दुकानात विचारलं, न फोडलेल्या गोळ्या परत घेता का. घेत नाहीत. दुपारी भिंतीतलं कपाट आवरायला काढलं. वरचे दोन कप्पे झाले. तिसऱ्यात वह्या निघाल्या, तेव्हा काम तिथंच राहिलं.

कपाट भिंगरीचं होतं. ती गेली. गेल्या महिन्याच्या १९ तारखेला, बुधवारी, सकाळी पावणेसातला. पोटाचं दुखणं होतं. चार महिने ती माझ्याकडेच होती, पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. शेवटी फार त्रास झाला नाही. डॉक्टर तसं म्हणाले, आणि मी समोर होतो, मलाही तसंच वाटलं.

तुला हे बारा दिवसांनी कळवतोय. तुझा फोन नंबर बदललेला, पत्ताही लवकर सापडेना. वर आशीर्वाद लिहावा की नाही हे ठरेना, म्हणून नुसतं प्रिय लिहिलं.

आता कामाचं. वह्या एकूण अकरा आहेत. शेवटच्या वहीत तिचं नाचाचं नवं काम आहे, त्याचं नाव ‘घडी’. तिच्या गुरुवारच्या वर्गासाठी केलेलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायकांचा वर्ग, तू इथं होतास तेव्हा दोनच वर्षांचा होता. आता चौदा वर्षं झाली. दोन जणी मिळून चादरीची घडी घालतात ना, तेच, पण हातात चादर नाही. एवढंच काम. बावीस पानांपर्यंत साध्या शब्दांत लिहिलंय: दोन पावलं पुढे, कोपरे जुळव, थांब, डावा हात खाली. तेविसाव्या पानापासून तुमच्या खुणा सुरू होतात.

त्या खुणा मी लांबून पाहिल्या आहेत. अंडं, गळ, उलटा कंस, तीन पायांचं स्टूल. मी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढले. या शहराच्या जमिनीखाली कुठून कुठे नळ गेलाय ते मला डोळे मिटून सांगता येतं. पण ही दहा पानं मला वाचता येत नाहीत. तुम्हा दोघा बहीण-भावांशिवाय कुणालाच येत नाहीत.

या महिन्याअखेर नाही, पुढच्या महिन्याअखेर धुलाईखाना बंद होतोय. कपडे बाहेर धुवायला जाणार. बायका वेगवेगळ्या विभागांत पांगतील, दोघी-तिघी घरी बसतील. त्याआधी, १७ एप्रिलला गुरुवारी, त्यांना ‘घडी’ पूर्ण करायचीय. अर्धी त्यांना येते. उरलेली वहीत आहे.

दहा पानांच्या झेरॉक्स सोबत आहेत. अर्थ लिहून पाठवलास तर बरं होईल. यायला जमलं तर याच पत्त्यावर ये, खोली तीच आहे.

तुझा,
दादा


१४ मार्च, शुक्रवार

प्रिय बारक्या,

काल धुलाईखान्यात गेलो होतो. त्याआधी बँकेत आणि चांभाराकडे. चपलेचा अंगठा तुटला होता.

तुझं उत्तर नाही. टपाल पोचायला आठ-नऊ दिवस लागतात म्हणतात, म्हणून अजून वाट बघायला हरकत नाही.

तू हॉल पाहिलेला नाहीस. तू होतास तेव्हा ती अंगणात वर्ग घ्यायची. आता वरच्या मजल्यावरची जुनी कोठाराची खोली मिळालीय. खाली कपडे वाळवायची मोठी यंत्रं आहेत, त्यामुळे वरची फरशी कायम कोमट असते. तिथं सगळे अनवाणी असतात. मी चपला काढल्या नाहीत, दाराशीच उभा राहिलो, तर मुकादमबाई म्हणाल्या, “आत या की. का चपला पायाला चिकटल्यात?”

मुकादमबाई म्हणजे धुलाईखान्यात कामाची वाटणी करणाऱ्या. अंगानं भरलेल्या, आवाज मोठा, पण कुणाला ओरडताना मी पाहिलं नाही. त्यांच्याशिवाय शिडी आणि उशी अशा दोघी आहेत. एक उंच, एक बुटकी, नावं भिंगरीनं ठेवलेली आणि आता हजेरीच्या वेळीही तीच चालतात. सत्तावीस वर्षं त्या दोघी एकमेकींसमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतात. आणखी पाच-सहा बायका आहेत. आणि गेटकाका. ते गेटवर पहारेकरी होते, डाव्या अंगावरून वारं गेल्यावर घरी बसले. भिंगरीनं त्यांना बोलावून आणलं. समोरच्या बाईनं चादरीचं टोक ओढलं की त्यांचा डावा हात आपोआप थोडा वर यायचा. दोन वर्षांनी चादर काढून घेतली, तरी हात वर येत राहिला. ते मला म्हणाले, “फसवलं हो मला तुमच्या बहिणीनं. हाताला वाटतं, अजून चादर आहे.”

मुकादमबाईंनी मला सुरुवातीची गोष्ट सांगितली. ती तू ऐकली नसशील. भिंगरीचा गुडघा गेला होता, व्यायामाच्या डॉक्टरकडे ती यायची. बाकावर बसायची, तिथून धुलाईखान्याची खिडकी दिसते. ती रोज तास-तासभर बघत बसायची. “आम्हाला वाटलं, तपासणीला कुणी आलंय. म्हणून आम्ही आठवडाभर अगदी झोकात घड्या घातल्या. मग एक दिवस आत येऊन विचारते, तुमचे खांदे दुखतात का? मी म्हटलं, बाई, काय दुखत नाही ते सांगू का, यादी लहान होईल.”

तू असताना सगळे तिला विचारायचे, रंगमंच सोडून हे कशाला. तूही विचारलंस. मीसुद्धा. मला तर तिचा रंगमंचही कधी कळला नाही. तिचा पहिला प्रयोग आठवतो का, पाण्याच्या टाकीच्या गच्चीवरचा? वीस मिनिटं ती कठड्याच्या कडेनं लोळत गेली. आपले आबा मोठ्यांदा म्हणाले, “अरे, ती पडलीय. कुणीतरी उचला.” एकोणीस प्रेक्षक होते, सगळे हसले. तीही लोळता लोळता हसली. पेपरात छापून आलं, हा नाच नव्हे. ते कात्रण तिनं न्हाणीघरात चिकटवलं. म्हणाली, इथं रोज वाचलं जाईल. पुढे तुम्ही दोघांनी जिन्यात नाच केला, लिफ्टमध्ये केला, बसच्या डेपोत केला. बक्षिसं मिळाली, दौरे झाले. मी दर वेळी आलो. तालमीलाही यायचो, कोपऱ्यात बसायचो. काही कळायचं नाही, पण तुम्ही दोघं एकाच वेळी वळायचात ते बघायला बरं वाटायचं.

मग तो मोठा दौरा आला, आठ महिन्यांचा. आमंत्रण दोघांना होतं. ती म्हणाली, गुरुवार सोडून येणार नाही. तू म्हणालास, गुरुवारसाठी कुणी दौरा सोडतं का. तुमचं तेवढंच बोलणं झालं. मी स्वयंपाकघरात होतो, मला ऐकू आलं. तू गेलास, त्यानंतर बारा वर्षं काही नाही.

त्या गुरुवारांनी काय केलं, ते एक सांगतो. इस्पितळाच्या वार्षिक कार्यक्रमात तिनं तेव्हाच्या अकरा बायकांना स्टेजवर उभं केलं. त्या नऊ मिनिटं वाकून राहिल्या. फक्त वाकून. जेवढं रोज टेबलावर वाकतात तेवढंच, ना कमी ना जास्त. समोर सगळे वरिष्ठ अधिकारी बसलेले. पाचव्या मिनिटाला कुणीतरी खोकलं, सातव्याला एकजण उठून गेला. पुढच्या महिन्यात टेबलांच्या पायांखाली ठोकळे आले. टेबलं चार बोटं उंच झाली. मुकादमबाई म्हणाल्या, “अर्ज तर आम्ही सहा वर्षं करत होतो.”

मला त्यांना उपयोगी पडावंसं वाटलं. वहीचे कागद हाताळून फाटायला आलेत. पहिली बावीस पानं मी एका मोठ्या कागदावर शाईनं नीट उतरवून देतोय, म्हणजे भिंतीवर लावता येईल. पुढच्या गुरुवारी देईन.

दहा पानांची वाट बघतोय.

दादा


२८ मार्च, शुक्रवार

प्रिय बारक्या,

काल गुरुवार. त्याआधीचा गुरुवारही धरून सांगतो, कारण गोष्ट एकच आहे.

तक्ता चांगला झाला होता. सुबक अक्षर, सगळ्यांना लांबून दिसेल असा. पावलांना बाण, हातांना ठिपक्यांची रेघ. वहीत सतरा ठिकाणी ‘थांब’ असं लिहिलंय. तिथं प्रत्येक वेळी मी भरीव काळा चौकोन काढला. आमच्या नकाशात नळ जिथं संपतो आणि पुढे टोपण बसवून बंद केलेला असतो, तिथं तसा चौकोन काढतात. मला वाटलं, अगदी योग्य खूण आहे.

त्यांनी तक्ता बघून तालीम केली. चौकोन आला की सगळ्या जागच्या जागी खिळायच्या. हात खाली, मान सरळ. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मला ते शिस्तीचं वाटलं. शिडी म्हणाली, “हे काय, मेलं वीज गेल्यासारखं होतंय.” उशी म्हणाली, “ताई असताना असं नव्हतं. पण ताई असताना कागद तरी कुठे होता?” गेटकाकांचा हात त्या गुरुवारी वर आला नाही, काल सुरुवातीलाही नाही.

काल मुकादमबाईंनी वही मागितली. तक्त्याशेजारी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

“हे चौकोन कुणी काढले?”

“मी.”

“वहीत काय आहे?”

“थांब.”

“मग थांबच लिहायचं होतं. चौकोन कशाला?”

म्हटलं, “थांब म्हणजे बंदच ना.”

त्या खाली जाऊन ढकलगाडीतून एक धुतलेली चादर घेऊन आल्या. दोन कोपरे माझ्या हातात दिले, दोन त्यांनी घेतले आणि मागे सरकत गेल्या. चादर ताणली गेली. मग म्हणाल्या, “आता मी येते तुमच्याकडे. थांबा.” मी थांबलो. म्हणजे हात खाली सोडले. चादर मधोमध फरशीला टेकली.

“झालं. गेली परत धुवायला.”

सगळ्या हसल्या. मीही थोडा हसलो.

“अहो दादा, थांबायचं म्हणजे हात सोडायचे नाहीत. ताणून धरायचं, मी पोचेपर्यंत. येणाऱ्याचं काय, तो नुसता चालतो. थांबणाऱ्याचे खांदे भरून येतात. निम्मं काम त्याचंच असतं.”

तक्ता मी उतरवला. सगळे चौकोन ब्लेडनं खरवडले आणि त्या जागी ‘थांब’ लिहिलं. त्यांनी पुन्हा एकदा केलं. एक चालतेय, दुसरी हवेतले दोन कोपरे घट्ट धरून उभी. मध्ये काही नाही, पण तिथून कुणाला पलीकडे जा म्हटलं असतं तर तो वाकून गेला असता. गेटकाकांचा हात वर आला.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. तुला एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात ते लिहिलं नाही.

तुझा पत्ता माझ्याकडे होता. बारा वर्षं आहे, माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर. भिंगरीनं तुला कळवायला सांगितलं होतं. नोव्हेंबरात एकदा, नाताळाच्या सुट्टीत एकदा. दोन्ही वेळा मी म्हटलं, कळवलंय.

तिसऱ्यांदा फेब्रुवारीत, जायच्या आधी आठवडाभर. सकाळी मी तिची उशी बदलत होतो. ती म्हणाली, “बारक्याला एवढंच लिही. थांब.” मी विचारलं, म्हणजे काय? तेवढ्यात नर्स आली, सलाइनचं काहीतरी करायचं होतं. नंतर तिला झोप लागली. तो विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही.

मला वाटलं, ती म्हणतेय येऊ नकोस. आहेस तिथंच राहा, आता पुरे. मी कार्ड घेतलं, त्यावर तो एक शब्द लिहिला आणि तुझा पत्ता घातला. मग वाटलं, असा शब्द वाचून तुला काय वाटेल. ते पाठवायला नको. मी ते डायरीत ठेवलं. स्वतःला सांगितलं की तुला वाईट वाटू नये म्हणून ठेवलं. महिनाभर मला ते खरंही वाटत होतं.

ते खरं नाही. नोव्हेंबरात तर तो शब्द नव्हताच, तरी मी कळवलं नव्हतं. खरं असं आहे की लहानपणापासून ती आणि तू. मग ती आणि हॉल. हे चार महिने ती माझ्याकडे होती. सकाळी चहा, मग अंग पुसणं, मग मी पेपर वाचून दाखवायचा. ती माझ्या वाचण्याला नावं ठेवायची, म्हणायची, बातमी वाचतोस की पाण्याचं बिल. तू आला असतास तर खोलीत तुमच्या खुणा सुरू झाल्या असत्या आणि मी पुन्हा कोपऱ्यात बसलो असतो. एवढ्यासाठी मी तुला येऊ दिलं नाही. ती दाराकडे बघायची, ते मला दिसत होतं.

तिला त्या शब्दातून नक्की काय म्हणायचं होतं, हे मी सांगू शकत नाही. काल चादर हातात येईपर्यंत मला त्याचा एकच अर्थ येत होता. तुला कदाचित कळेल. तो निरोप तुझा होता, मी ठेवून घेतला. कार्ड सोबत पाठवतोय. अक्षर माझं आहे, शब्द तिचा.

यानंतर तू दहा पानांचं काही पाठवावंस असं म्हणायला मला तोंड नाही. पण वीस दिवस उरलेत आणि ते काम माझं नाही, त्या बायकांचं आहे. म्हणून म्हणतो.

दादा


९ एप्रिल, बुधवार

प्रिय बारक्या,

काल तुझं पाकीट आलं. मी भाजी निवडत होतो. पोस्टमननं सही घेतली.

आत दहाही पानं आहेत, समासात पेन्सिलनं सगळं लिहिलेलं. चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. शिक्का ४ तारखेचा आहे. माझं तिसरं पत्र तोवर तुला मिळालं होतं की नव्हतं, ते कळायला मार्ग नाही. मिळून पाठवलं असलंस तर एक, आणि न मिळता पाठवलं असलंस तर वेगळं. काल दुपारभर मी टपालाचे दिवस मोजत बसलो होतो. मग सोडून दिलं.

अंडं म्हणजे टाच. गळ म्हणजे कोपर. उलटा कंस म्हणजे पाठ फिरवणं. हे मला आधी कळायला हवं होतं असं आता वाटतं, उत्तर कळलं की सगळ्यांनाच वाटतं तसं.

एकतिसाव्या पानावर, तीन पायांच्या स्टूलाशेजारी तू लिहिलंयस: “दादा. तालमीला कोपऱ्यात ज्यावर बसायचा ते. आम्ही सुरुवातीपासून हीच खूण वापरतो. तो बसलाय ती बाजू म्हणजे समोर.”

हे वाचून मी उठून गॅस बंद केला. गॅस चालू नव्हता.

मला ठाऊक नव्हतं. तुमच्या प्रत्येक कामात ती खूण होती, असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. मी बाकीच्या दहा वह्या काढून बघितल्या. आहे. जिन्यातल्या कामात आहे, लिफ्टच्या आहे, गच्चीवरच्या पहिल्या कामातही आहे, तिथं नुसते तीन पाय आहेत, बैठक नाही. लिफ्टमध्ये मी आत मावलो नव्हतो, बाहेर उभा होतो, तर खूण दाराबाहेर काढलीय.

आता अडचण सांगतो. ‘घडी’त स्टूल बाजू दाखवायला नाही. ते हलतं. तेविसाव्या पानावर ते कडेला आहे. सत्ताविसाव्यावर मध्ये येतं. एकतिसाव्यावर लिहिलंय, आणि हे तूच सोडवून दिलंयस: सगळ्या जोड्या एकेक करून स्टूलाकडे येतील, आपापले कोपरे त्याच्या हातात देतील आणि जातील. स्टूल थांबेल.

मी आज पानं घेऊन मुद्दाम हॉलवर गेलो, गुरुवार नव्हता तरी. खाली यंत्रं चालू होती, म्हणून मुकादमबाईंना कानाशी जाऊन वाचून दाखवावं लागलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, “मग? कधीपासून येताय तालमीला?”

मी म्हटलं, माझं वय सदुसष्ट आहे. मी प्रेक्षकांतला माणूस आहे. आयुष्यात कधी लग्नाच्या वरातीतही नाचलो नाही. शिवाय तिनं लिहिलं ते ती आजारी पडायच्या आधी. तिच्या डोक्यात काय होतं कुणास ठाऊक. स्टूल म्हणजे खरंच स्टूल असेल.

शिडी म्हणाली, “स्टूलाला हात असतात का?”

“तुमच्यासारखं बिनकामाचं उभं राहायला बाकी कुणाला येतं?” उशी म्हणाली. “त्या दिवशी दारात अर्धा तास उभे होतात. आम्ही बघत होतो ना.”

गेटकाका कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “मी आयुष्यभर दार धरून उभा राहिलो, दादा. त्याला नाच म्हणतात हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.”

मी त्यांना हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बसस्टॉपपर्यंत आलो आणि परत गेलो. मुकादमबाई जिन्यातच भेटल्या. मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. म्हटलं, माझ्या भावाला मी बहिणीच्या आजाराचं कळवलं नाही. तिनं तीनदा सांगितलं होतं. त्यामुळे तिच्या कामात मी उभं राहणं बरं दिसणार नाही.

त्यांनी पदराला हात पुसले. मग विचारलं, “भावाला सांगितलंत हे?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“अजून काही नाही.”

“तो काय म्हणायचं ते म्हणेल. ते तुमचं दोघांचं. आमचं काम गुरुवारचं आहे.” आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळून म्हणाल्या, “चूक केलीत हो तुम्ही. मोठी केलीत. उद्या चारला या.”

पानांसाठी तुझे आभार मानायचे आहेत. कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून मानले असं समज.

दादा


१६ एप्रिल, बुधवार

प्रिय बारक्या,

आज सकाळी कपडे धुतले, दाढी केली, दुपारी पंखा पुसला. तीन वाजता तुझं कार्ड आलं.

“दादा, सगळी पत्रं मिळाली. कार्डही मिळालं. १७ तारखेला येत नाही. तुला उत्तर द्यायला मला वेळ लागेल.”

लागू दे. मी इथंच आहे. पत्ता बदलणार नाही.

गेल्या गुरुवारी आणि त्यानंतर रोज, अशा सात तालमी झाल्या. माझं काम चार मिनिटं दहा सेकंदांचं आहे. हात पुढे, खांद्याच्या थोडे खाली. पहिल्या मिनिटात काही वाटत नाही. दुसऱ्यात कोपरं दुखतात. तिसऱ्यात शिडी आणि उशी येतात आणि त्यांचे कोपरे देतात. ते घेताना बोटं मिटायची असतात, पण मूठ करायची नाही. हे मला पाच दिवस जमलं नाही. मुकादमबाई म्हणायच्या, “नळ आवळताय का?” काल जमलं. शेवटी गेटकाका येतात, त्यांना पोचायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. भिंगरीनं त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलंय असं मला वाटतं. तोवर माझे हात थरथरायला लागतात. ते लपवायचं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कशाला.

नाच कळला असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही इतकी वर्षं एवढे दमून घरी का यायचात, ते कळलं.

उद्या बघायला शंभरेक माणसं येतील. इस्पितळातली, बायकांच्या घरची, जुने नाटकवाले काही. तिथं जे होईल ते मी तुला लिहीन. तू वाचलंस तरी चालेल, न वाचता ठेवलंस तरी चालेल. माझ्यावर रागावण्याचा तुझा हक्क आहे आणि राग लवकर संपव असं मी म्हणणार नाही. तिच्या वह्या तुझ्या आहेत. त्या मी सांभाळून ठेवल्यात, कापडात बांधून, कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात. मागशील तेव्हा पाठवीन, किंवा येशील तेव्हा ने.

तुझा,
दादा

ता. क. मुकादमबाईंनी बजावलंय की उद्या अनवाणी उभं राहायचं आहे, पुढच्या रांगेतल्यांचं तोंड माझ्या पायांसमोर येणार, तेव्हा नखं कापून या. म्हणून आता कालचा पेपर पसरलाय, चष्मा लावलाय, नेलकटर सापडलाय. डाव्या पायाची झाली. उजव्याच्या अंगठ्यापर्यंत वाकवत नाही, त्याला स्टूलावर पाय घ्यावा लागेल. पाकीट बंद करतो आणि तेवढं उरकून घेतो.